पालकांना विचारून

रत्नागिरी
१६ जानेवारी १९९९

ती. एस्तेरबाईंस,
हेमाचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. हल्ली घरी आले की चपला जागेवर ठेवण्याचंही त्राण उरत नाही. बालवाडी माझ्या हाती देऊन तुम्ही लोट्याला मुलाकडे राहायला गेलात, त्याला आता चौथं वर्ष. जाताना म्हणाला होतात, पोरं कधी दमवत नाहीत, मोठी माणसं दमवतात. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

बातमी चांगली नाही. मंडळी आपल्याला चर्चमधून बाहेर काढायच्या बेतात आहे. मंडळी म्हणजे तुमच्या चर्चची माणसं, हे माझ्या तोंडी इतकं बसलंय की परवा घरी म्हटलं, "मंडळी फार नाराज आहे," तर आमचे हरिहरराव म्हणाले, "आमची मंडळी तर तूच, आणि तू कधी खूश होतीस?" हसून सोडून दिलं. पण मंडळी खरंच नाराज आहे.

बालवाडीची खोली पावसात पडली तेव्हा तुम्हीच पोरांना उचलून चर्चमध्ये आणून बसवलंत. नवी खोली बांधू, बांधू म्हणता म्हणता ती राहूनच गेली आणि पोरं तिथेच राहिली. आठवडाभर बाकडी भिंतीला आणि मधे सतरंज्या. आता साळवीकाकांना त्याचा वीट आलाय. पंच कमिटीचे ते प्रमुख, त्यामुळे त्यांचा वीट म्हणजे सगळ्यांचा वीट. मांडवीच्या किनाऱ्यावरची पोरं पायाला रेती घेऊन येतात. भिंतीवर खडूचे मासे असतात. दिवाळीला मी लाडू वाटले, तर रविवारी व्यासपीठापाशी मुंग्यांची रांग. काका तेव्हाच म्हणाले, "पाळकसाहेब उपदेश करत होते आणि माझं लक्ष मुंग्यांकडे." त्यात पूर्वी नावाच्या पोरीच्या आजीने रस्त्यात मला थांबवून सांगितलं की त्यांची नात संध्याकाळी 'शुभं करोति' म्हणते आणि शेवटी हात जोडून मोठ्याने 'आमेन' म्हणते. आजी हसत होत्या, पण पुरत्या हसत नव्हत्या.

गुरुवारी काकांच्या पडवीत पंचांची बैठक झाली. मला अंगणात थांबायला सांगितलं. मग काका बाहेर येऊन म्हणाले, "मे अखेर जागा रिकामी करावी असं सर्वांचं मत आहे. पण पालकांना विचारूनच ठरवू. महिनाअखेरच्या रविवारी भक्ती संपल्यावर." बाई, मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं पालकांना कोणी काही विचारलंय का? रागावलेली असली तरी माणसं न्यायाची आहेत.

तेव्हा आता मी घरोघर फिरते आहे. मासे विकणारी कमळा, तिचा नवरा शिवा जो होडीवर असतो, कोर्टातल्या कारकुनांच्या बायका, सगळ्यांना सांगितलंय की ३१ तारखेला दहाला चर्चमध्ये यायचंच. ही जागा गेली तर कमळाची पोर पुन्हा जेटीवर टोपल्यांच्या आडोशाला बसून राहणार. गावातल्या दुसऱ्या बालवाड्यांत आईबापांची मुलाखत घेतात. कमळा तिथे काय सांगणार? आणि मी तरी घरी बसून काय करणार?

तुमची,
हेमा


लोटे
२६ जानेवारी १९९९

प्रिय हेमा,
सलाम.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज कॉलनीतली सगळी झेंडावंदनाला गेली आहेत, माझा अनुप रात्रपाळी करून झोपलाय. केमिकल कंपनीचा वास आज जरा कमी आहे म्हणून खिडकी उघडून लिहिते आहे.

आधी एक काम कर. कोणालाही बोलावू नकोस. बोलावलं असशील तर परत जाऊन नको म्हणून सांग.

अगं, शांतवन साळवी पालकांना विचारीन असं सात जन्मात म्हणणार नाही. आणि आम्ही तर एकच जन्म मानतो. तो पाळकांना विचारणार असेल. पाळक. ळ. आपल्याकडे जागेचा कोणताही निर्णय पाळकांच्या संमतीशिवाय होत नाही, आणि वाघमारेसाहेब चिपळूण आणि दापोली सांभाळून महिनाअखेरलाच रत्नागिरीला येतात. म्हणून महिनाअखेरचा रविवार. शांतवनने नाताळच्या आधी वरच्या दातांची कवळी बसवली, तेव्हापासून त्याची जीभ टाळूला लागत नाही. मी नाताळला आले होते तेव्हा त्याने सगळ्या चर्चसमोर 'बालकाचा जन्म गव्हानीत झाला, मेंढपालांनी पाहिला' असं वाचलं होतं. बायका पदराआड हसत होत्या. तू त्या वेळी माहेरी होतीस, तुला कुठून कळणार?

कोपऱ्यावरच्या फोनवरून पाळकसाहेबांच्या घरी दोनदा लावला. कोणी उचलत नाही. तुझ्या घरी फोन नाही. हे पत्र शनिवारच्या आत पोचू दे, एवढंच मागते.

पेपरात चर्चवरच्या हल्ल्यांचं रोज काय काय येतंय ते तू वाचतेसच. अशा दिवसांत मांडवीच्या बायका घोळक्याने चर्चमध्ये शिरलेल्या कोणालाच परवडणार नाहीत. त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही.

एस्तेर रणभिसे


रत्नागिरी
२ फेब्रुवारी १९९९

ती. बाईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र काल, सोमवारी मिळालं.

आता काय झालं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळायला नको. रविवारी दहाला मी गेले तर भक्ती सुरूच झालेली नव्हती. पाळकसाहेबांची एसटी उशिरा आली होती. आपल्या बायका मात्र वेळेवर. वीस-पंचवीस तरी असतील, शिवाय शिवा आणि त्याच्यासारखे चार-पाच गडी. चपला बाहेर ओळीने काढून सगळी आत जाऊन बाकांवर बसली. मंडळीतली दहा-बारा म्हातारी माणसं पुढे, आणि मागे ही सगळी. कमळाने नारळ आणि अबोलीचा गजरा आणला होता. तो तिने सरळ नेऊन टेबलावर ठेवला. मी हळूच म्हटलं, "अगं, इथे नारळ नसतो," तर म्हणाली, "देवाच्या दारात मोकळ्या हातान कसां यायचां?" साळवीकाका नारळाकडे बघत राहिले. मग साळवीकाकूंनीच उठून तो उचलला आणि मांडीवर घेऊन बसल्या.

मला वाटलं, भक्ती होईल आणि मग सभा. म्हणून आम्ही बसून राहिलो. एवढी भरलेली बाकं बघून पाळकसाहेबांना आनंद झाला. उपदेश लांबला. शेवटी ते म्हणाले, "आज जे पहिल्यांदाच आले आहेत त्यांनी कृपया उभं राहावं."

बाई, बायकांना वाटलं मतदान आलं. सगळ्या उठल्या. आणि कमळा मागून खणखणीत आवाजात म्हणाली, "आमी सगळी हाव. बालवाडी हितंच ऱ्हाऊंदे."

नवीन आलेल्यांसाठी टाळ्या वाजवायची तुमच्यात रीत आहे ना? मंडळीने टाळ्या वाजवल्या. आपली माणसं समजली, ठराव पास झाला. आनंदाने घरी गेली.

काका मला दारात गाठून म्हणाले, "हेमाबाई, मी पालकांना विचारणार होतो, पालकांना." मी म्हटलं, "काका, पालकांनाच तर घेऊन आले." तेव्हा त्यांनी रुमालात कवळी काढून घेतली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "पाळक."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि दोघांच्याही अंगात भांडायचं बळ नव्हतं.

तुम्हाला ज्याची भीती वाटत होती तेच झालं. कमळाच्या दिराने, महिपतने, मांडवीत उठवलं की बायकांना चर्चमध्ये नेऊन बाटवायचं चाललंय, उभं करून शपथ घ्यायला लावली आणि वर टाळ्या वाजवल्या. आज निम्मी पोरं आली नाहीत. काल दोघं जण काकांच्या फाटकाशी येऊन विचारून गेले, रविवारी काय होतं? हरिहररावांना ऑफिसात कोणीतरी म्हणालं, वहिनींनी पंथ बदलला का? ते जेवताना फक्त म्हणाले, "हेमा, सोडून का देत नाहीस?"

पाळकसाहेबांनी निर्णयाला दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आहे. तो काय असेल ते दिसतंच आहे. मंडळीला आम्ही नको आहोत, हे मी आता मनाशी मान्य करत आहे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही नको असते.

हेमा


लोटे
१६ फेब्रुवारी १९९९

प्रिय हेमा,
सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

मंडळीला तुम्ही नको आहात, असं लिहिलंस. ते मला लागलं. मी त्या मंडळीतलीच आहे. म्हणून आता तुला एक गोष्ट सांगते, जी सांगणार नाही असं मी शांतवनला कबूल केलं होतं.

सोमवारी तू येतेस तेव्हा बाकडी भिंतीला लावलेली असतात ना? आणि रविवारी भक्तीला ती ओळीत मांडलेली असतात. ती कोण लावतं, याचा विचार केलायस कधी? आधी माझे मिस्टर आणि शांतवन मिळून लावायचे. मग मिस्टर गेले. मग झाडलोट करणारा बाबल्या मुंबईला निघून गेला. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी शांतवन एकटा ती सागवानी बाकडी ओढतो, रेती झाडतो, आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा भिंतीला लावतो. म्हाताऱ्याचं वय पंचाहत्तरच्या पुढे. नाताळच्या आदल्या दिवशी मी चावी मागायला गेले तर हा बाकाच्या एका टोकाला धरून भिंतीला टेकलेला, तोंड पांढरं पडलेलं. मला म्हणाला, "एस्तेर, कोणाला सांगू नकोस. मंडळीत माणूस उरलं नाही, हे गावाला कशाला कळायला हवं?"

त्याला तुमची रेती नको आहे की मुंग्या नको आहेत, ते मला माहीत नाही. पण त्याला बाकडी उचलवत नाहीत, हे मला माहीत आहे. आणि बाकडी उचलवत नाहीत म्हणून बालवाडी बंद करा, असं तो मेला तरी म्हणणार नाही. म्हणून मुंग्या, म्हणून खडू.

तुमचा धर्म, आमचा धर्म हे सगळं त्या दोघा फाटकवाल्यांसाठी आहे. आपल्यात नुसता थकवा आहे. तो दमलाय, तू दमलीस, आणि मी इथे बसून दोघांची पत्रं वाचून दमले.

मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस.

एस्तेर


रत्नागिरी
२९ मार्च १९९९

ती. बाईंस,
नमस्कार.

मी फक्त कमळाला सांगितलं. तेही असं की काकांची पाठ दुखते. पुढे तिने काय केलं ते तिलाच ठाऊक.

तुमचं पत्र आलं त्या शनिवारी संध्याकाळी शिवा आणि त्याच्या होडीवरचा रघू चर्चच्या पायरीवर येऊन बसले. साळवीकाका चावी घेऊन आले आणि त्यांना बघून घाबरलेच. त्यांना वाटलं, फाटकावरचेच लोक परत आले. मी पोरांच्या पाट्या आवरत आत होते म्हणून मला सगळं ऐकू आलं. काका म्हणाले, "तुम्ही येऊ नका. तुम्हालाच त्रास होईल, लोक काय म्हणतील." तर शिवा म्हणाला, "बाकडी उचलून कोन बाटत नाय, काका. आमी होडी उचलतंव. बाकड्याचां काय?"

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "डाव्या हाताने सुरुवात करा. तिसऱ्या बाकाचा पाय सुटा आहे."

तेव्हापासून दर शनिवारी आणि रविवारी कोणी ना कोणी येतं. होड्या समुद्रावर असल्या तर बायका येतात. काकू चहा करून आणतात. काका छत्री टेकत उभे राहतात आणि बाकडं दोन बोटं वाकडं लागलं की सगळं पुन्हा करायला लावतात.

पाळकसाहेब काल आले होते. त्यांनी निर्णय सांगितला: एक वर्ष चालू दे, मग बघू. या एका वर्षासाठी इतकी पळापळ केली का, असं क्षणभर मनात आलं. पण मग वाटलं, आपल्याकडे सगळंच एकेका वर्षाने चालतं.

सगळी पोरं परत आली नाहीत. महिपतची भार्गवी आली नाही, आता येणारही नाही. ती रस्त्यात दिसली की बापाचा हात सोडवून माझ्याकडे बघून हसते, आणि मला ते हसू घरापर्यंत पुरतं. आमेनवाली पूर्वी मात्र आली. तिला मी 'आमेन' फक्त इथे म्हणायचं, असं समजावलं. ती म्हणाली, "मग घरी काय म्हणू?"

हेमा


लोटे
११ जून २०००

प्रिय हेमा,
सलाम.

एका वर्षाचं दुसरं झालं, हे शांतवनच्या पत्रातून कळलं. चार पानांचं पत्र आणि चारही पानं तक्रारींची. तुझ्या मांडवीकरांना सरळ रेषा म्हणजे काय ते कळत नाही. रघू तंबाखू खाऊन येतो. शिवा त्याला 'काका' म्हणतो ते ठीक, पण परवा 'म्हाताऱ्या' म्हणाला. शांतवनची बायको सगळ्यांना चहाबरोबर खारी बिस्किटं देते आणि ती संपली की पुन्हा आणायला त्यालाच पिटाळते. शांतवन इतकी तक्रार करतो म्हणजे तब्येत उत्तम आहे असं मी धरते.

शेवटी लिहिलंय, 'नवी खोली बांधायचा विषय पंचांत निघाला होता. मी तूर्त तहकूब ठेवला.' का तहकूब ठेवला ते लिहिलं नाही. मी विचारणारही नाही.

माझे गुडघे आता अगदीच संपावर आहेत. रत्नागिरीला येणं आता कठीणच.

एस्तेर


रत्नागिरी
१८ ऑक्टोबर २००१

ती. बाईंस,
नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट सांगता आलं नाही. तुम्ही रडत होतात आणि माझ्या मागे रांग लागली होती. म्हणून सावकाशीने लिहिते.

साळवीकाका शनिवारी रात्री गेले. त्या संध्याकाळी नेहमीसारखे छत्री टेकून उभे होते. शिवाला म्हणाले, "आज सरळ लागली रे." काकू म्हणाल्या, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. जेवले, आडवे झाले, उठले नाहीत.

त्यामुळे रविवारी बाकडी आयतीच मांडलेली होती. पाळकसाहेब दुपारी पोचले. प्रार्थना झाली, गाणी झाली, मग पेटी उचलायची वेळ आली. आणि बाई, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंडळीत आता पुरुष किती उरलेत तुम्हाला माहीत आहे. वाघमारेसाहेब स्वतः पुढे झाले. बँकेतले उजागरे पुढे झाले, पण त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काकूंनीच त्यांना मागे ओढलं. काकांचा मुलगा मस्कतला, त्याला विमान मिळालं नाही. काका जे गावापासून इतकी वर्षं लपवत होते, ते त्यांच्याच पेटीपाशी सगळ्या गावासमोर उघडं पडलं होतं.

मागच्या बाकांवर मांडवीची माणसं होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि या वेळी माझीही काही चूक नव्हती. शिवा पाळकसाहेबांजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आमी हात लावला तर चालेल काय?" पाळकसाहेबांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "तीन वर्षं लावताय की."

स्मशानभूमीचा तो चढ तुम्हाला आठवत असेल. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्याही सुटलेल्या. शिवा, रघू आणि आणखी चौघं. वळणावर रघू म्हणाला, "डाव्या हातान घ्या." आणि मला तिथे रडू फुटलं. महिपत आला नव्हता. पण त्याची बायको भार्गवीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ती पोर आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिलेली नाही.

मातीहून परत आल्यावर मी चर्चमध्ये गेले, म्हटलं दिवे मालवावेत. तर आत माणसं होती. पोरांसाठी बाकडी भिंतीला लावत होती. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मंगळवारी मी काकूंकडे बसले असताना मस्कतहून मुलाचा फोन आला. लाइनीवर खूप खरखर होती, काकू ओरडून बोलत होत्या. तो विचारत होता, बाबांना खांदा कोणी दिला? काकू म्हणाल्या, "पालकांनी." मग थोडा वेळ ऐकत राहिल्या, डोळे पुसत हो, हो म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला म्हणाल्या, "त्याला 'पाळकांनी' ऐकू आलं. म्हणतो, बाबांसाठी इतके पाळक आले? खूप बरं वाटलं त्याला."

मी म्हटलं, "काकू, मग तुम्ही दुरुस्त नाही केलंत?"

त्या म्हणाल्या, "काय दुरुस्त करायचं त्यात?"

गुडघ्यांना तेल लावत जा. इथली काळजी करू नका. शनिवारी मी चावी घेऊन जाणार आहे, ती काकूंनी माझ्याकडेच दिली आहे.

तुमची,
हेमा